केस जिथले, तिथलेच

आमच्या सोसायटीखालच्या सलूनमध्ये कटिंग संपली की तिथला पोरगा मागे एक छोटा आरसा धरतो. मग समोरच्या आरशात आपल्याला आपलीच मान दिसते. गेल्या दिवाळीच्या आधी त्याने असाच आरसा धरला आणि म्हणाला, "दादा, मागे अजून जंगल आहे तुमच्या. पुढचं मात्र एनए व्हायला लागलंय."

मी हसलो, पैसे दिले आणि घरी येऊन मोबाईलच्या फ्रंट कॅमेऱ्यात अर्धा तास स्वतःचं कपाळ बघत बसलो.

माझे केस कुरळे आहेत. कोल्हापूरच्या शाळेत माझं नाव 'मॅगी' होतं. आई म्हणायची, माझ्या बाबांवर गेलायस. त्या आजोबांचा एक फोटो आमच्या हॉलमध्ये आहे. डोक्यावर पांढरी टोपी, आणि टोपीखालून कानांजवळ व मानेवर बाहेर डोकावणारे दाट कुरळे केस. आईला त्याचं कौतुक, मला मात्र ते केस नको होते. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी, कॅम्पस प्लेसमेंटच्या तोंडावर, मी पैसे साठवून रिबॉन्डिंग करून घेतलं. दोन-अडीच महिन्यांत मुळाशी इंचभर कुरळे केस पुन्हा हजर. वर सरळ, खाली कुरळे. पार्लरवाल्या ताई म्हणाल्या, "टचअप करावा लागतो, दर चार-सहा महिन्यांनी." तो टचअप मी पुढे चार वर्षं करत राहिलो.

तर ज्या केसांशी इतकी वर्षं भांडलो ते आता निघाले होते, आणि मला ते परत हवे होते. त्यात आईने बायोडेटासाठी नवा फोटो मागितलेला. "जुना नको, त्यात तू फार बारीक दिसतोस," ती म्हणाली. केसांबद्दल ती काही बोलली नाही, म्हणजे तिच्याही ते लक्षात आलं होतं.

मी एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टर बाईंची अपॉइंटमेंट घेतली. त्यांनी छोट्या कॅमेऱ्याने पुढचं टाळू पाहिलं, मागचं पाहिलं. हेअर ट्रान्सप्लांटचा विषय निघाल्यावर मी बरेच दिवस मनात घोळवलेला प्रश्न विचारला : "पुढे लावताना सरळ केस लावून मिळतील का?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "आम्ही केस बनवत नाही हो. फक्त हलवतो. मागचे कुरळे, तर पुढेही कुरळेच उगवणार."

या वाक्यामागे जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे, हे मला नंतरच्या दोन-तीन रात्रींच्या वाचनात कळलं. तंत्र बदललं, हत्यारं बारीक झाली, किमती कुठल्या कुठे गेल्या. ते वाक्य मात्र तसंच राहिलं.

स्वतःच्या दंडात केस पेरणारा विद्यार्थी

१८२२ साली जर्मनीतल्या वुर्झबर्ग विद्यापीठात योहान फ्रिडरिख डिफेनबाख नावाच्या तरुणाने डॉक्टरकीचा प्रबंध सादर केला. विषय होता शरीराचे भाग एका जागेवरून काढून दुसरीकडे रुजवण्याचा. त्यासाठी त्याने प्राण्यांवर आणि पक्ष्यांवर केस-पिसांचे प्रयोग केले, आणि स्वतःच्या दंडात सुईने भोकं पाडून डोक्यावरचे मोजके केस रोवून पाहिले. काही सुकले, काही गळून पडले आणि थोडे रुजले. हाच डिफेनबाख पुढे प्लास्टिक सर्जरीतलं मोठं नाव झाला, पण केसांचं काम तिथेच राहिलं. तेव्हा ना भूल होती, ना जंतुसंसर्गाची समज. टक्कल पडलं म्हणून कुणी कातडी कापून घ्यावी, असा तो काळच नव्हता.

पुढचं मोठं पाऊल जपानमध्ये पडलं. १९३९ साली शोजी ओकुदा या त्वचारोगतज्ज्ञाने आपलं काम एका जपानी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलं. त्यांच्याकडे येणारे रुग्ण टकलाचे नव्हते. भाजल्यामुळे किंवा जखमेमुळे डोक्यावर व्रण राहिलेले, भुवया गेलेले असे लोक ते होते. ओकुदा काही मिलिमीटर व्यासाचं, नळीसारखं गोल धारदार हत्यार वापरत. त्याला आज आपण 'पंच' म्हणतो. केस असलेल्या कातडीचा छोटा दंडगोल काढायचा, व्रणाच्या जागी थोडं लहान भोक पाडायचं, त्यात तो बसवायचा. केस रुजायचे आणि वाढायचे.

१९४३ साली हाजिमे तामुरा या दुसऱ्या जपानी डॉक्टरने आणखी बारीक काम केलं. कातडीच्या तुकड्यातून एकेक केस मुळासकट सुटा करून त्याने तो रोवला. आज ज्याला आधुनिक पद्धत म्हणतात, त्याच्या अगदी जवळ तो पोचला होता. पण जपानी भाषेतले निबंध, त्यात महायुद्ध. बाहेरच्या जगाला या कामाचा पत्ता लागायला कित्येक वर्षं गेली, आणि दरम्यान पाश्चात्त्य देशांनी तेच काम पहिल्यापासून, जास्त ओबडधोबडपणे करून पाहिलं.

आमच्या क्षेत्रात असं रोज होतं. दुसऱ्या टीमने तीन वर्षांपूर्वी लिहिलेला कोड कुठेतरी पडून असतो आणि आपण तोच पुन्हा लिहीत बसतो, त्यांच्यापेक्षा वाईट.

टक्कल कुठे असतं?

टक्कल हा डोक्याच्या वरच्या कातडीचा दोष, असं फार काळ मानलं जायचं. टोपी घट्ट बसते, कातडी ताणली जाते, रक्त पोचत नाही, अशी कारणं सांगितली जायची. आजही मालिशवाले हेच सांगतात. हे जर खरं असेल, तर मागचे केस पुढे आणून लावण्यात काही अर्थच नाही. जमीन नापीक असेल तर रोप कुठलंही आणा, जळणारच.

१९४२ साली जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने पहिला गोंधळ दूर केला. वयात येण्याआधी वृषण काढले गेलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, हे ॲरिस्टॉटलच्या काळापासून माहीत होतं. हॅमिल्टनने अशा पुरुषांचा नीट अभ्यास केला. त्यांना पुरुषी हार्मोन दिल्यावर ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं, त्यांचे केस गळू लागले. म्हणजे हार्मोन आणि आनुवंशिकता दोन्ही लागतात.

पण हार्मोन तर रक्तातून सगळ्या डोक्याला मिळतो. मग पुढचे केस जातात आणि मागचे का राहतात?

याचं उत्तर न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेनट्राइक यांनी दिलं. १९५२ साली त्यांनी मागचे केस पुढच्या टकलात लावले. पण त्यांचं खरं काम वेगळं होतं. त्यांनी अदलाबदल सगळ्या बाजूंनी करून पाहिली. केसाळ जागेतला तुकडा टकलात, आणि टकलातला तुकडा केसाळ जागेत. मागून आणलेले केस टकलात वाढत राहिले. टकलातला तुकडा दाट केसांच्या मधोमध बसवला तरी टकलाच राहिला. म्हणजे दोष जमिनीत नव्हता. प्रत्येक केसाच्या मुळाने आपलं नशीब स्वतःबरोबर आणलं होतं.

यावर लिहिलेला त्यांचा निबंध आधी नाकारला गेला, कारण असं होऊ शकतं यावर तपासणाऱ्यांचा विश्वासच बसेना. अखेर १९५९ साली तो न्यूयॉर्कच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापून आला. त्यात त्यांनी या गुणाला नाव दिलं. मराठीत म्हणायचं तर 'मूळ जागेचा वरचष्मा'. केस जिथून आला तिथलाच राहतो, मग तो कुठेही नेऊन लावा.

हा नियम हेअर ट्रान्सप्लांटच्या सगळ्या धंद्याचा पाया आहे. आणि त्याची मर्यादाही नेमकी हीच आहे. मागचा केस न गळण्याचा गुण घेऊन पुढे येतो. तसाच तो आपली जाडी, रंग आणि वळण घेऊनही येतो. एक हवं आणि दुसरं नको, असं चालत नाही. भुवयांवर डोक्याचे केस लावलेल्यांना ही गोष्ट चांगली माहीत असते. ते केस भुवयांसारखे ठरावीक लांबीवर थांबत नाहीत. डोक्यावरच्यासारखे वाढतच राहतात, आणि दर काही दिवसांनी कात्री घेऊन बसावं लागतं.

नवी जागा काहीच करत नाही, असं नाही. २००२ साली दक्षिण कोरियातल्या डॉक्टरांनी डोक्याचे केस पायावर लावून पाहिले, तेव्हा त्यांची वाढ मंदावली. पण म्हणून ते पायाचे केस झाले नाहीत.

बाहुलीचे केस

१९६० आणि ७० च्या दशकात ही शस्त्रक्रिया अमेरिकेत पसरली. १९७२ साली विल्यम प्रॉक्समायर या सिनेटरने आपण ती करून घेतल्याचं उघडपणे सांगितलं, तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रांना चांगलाच विषय मिळाला.

पण त्या काळचा निकाल आज पाहवत नाही. पंच ४ मिलिमीटरचा. एका तुकड्यात पंधरा-वीस केसांचा झुबका, आणि दोन झुबक्यांमध्ये रिकामी कातडी. प्लास्टिकच्या बाहुलीच्या डोक्यावर भोकाभोकांतून केसांचे पुंजके निघालेले असतात ना, अगदी तसं. शिवाय एवढ्या जाड तुकड्याच्या मध्यापर्यंत रक्त वेळेत पोचायचं नाही. मधले केस मरायचे आणि कडेचे जगायचे, मेदूवड्यासारखे.

केसाच्या पोताचा प्रश्न इथे पहिल्यांदा ठळक झाला. गोऱ्या कातडीवर काळे, जाड आणि सरळ केस असतील तर झुबके लांबूनही ओळखू यायचे. केस कुरळे किंवा लाटांचे असतील तर ते एकमेकांवर पसरून मधल्या फटी झाकायचे. डॉक्टर तोच, पंच तोच, आणि निकालात एवढा फरक. कौशल्याच्या आधी केसाचा पोत निकाल ठरवत होता.

झुबक्यांवरचा उपाय सूक्ष्मदर्शकातून आला. १९८४ साली जॉन हेडिंग्टन यांनी डोक्याच्या कातडीचे आडवे काप तपासून दाखवलं की केस सुटेसुटे उगवत नाहीत. एक ते चार केसांचे छोटे नैसर्गिक गट असतात. १९८८ पासून टेक्सासमधल्या रॉबर्ट लिमर यांनी मागच्या कातडीची पट्टी काढून, सूक्ष्मदर्शकाखाली तिचे असे गट सुटे करून लावायला सुरुवात केली. बाहुलीचे केस संपले. मग २००२ साली अमेरिकेतल्या विल्यम रासमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पट्टी न काढता, सुमारे १ मिलिमीटरच्या पंचने एकेक गट थेट डोक्यातून काढण्याची पद्धत मांडली. आज इन्स्टाग्रामवर इस्तंबूलपासून पुण्यापर्यंत ज्या जाहिराती दिसतात, त्यातल्या बहुतेक हिच्याच.

एका अर्थाने जग फिरून ओकुदा आणि तामुरांपाशीच आलं होतं.

कातडीखालचं वळण

रिबॉन्डिंग करताना मला वाटायचं, कुरळेपणा केसात असतो. तो खरं तर कातडीखाली, मुळात असतो. सरळ केसाचं मूळ साधारण सरळ उभं असतं. खूप कुरळ्या केसाचं मूळ कातडीखालीच वाकलेलं असतं आणि त्यातून निघणारा केस आडव्या कापात चपटा असतो. २००५ साली फ्रेंच संशोधकांनी कुरळ्या केसांची मुळं शरीराबाहेर, प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवली. तिथेही त्यांच्यातून वाकडेच केस आले. ना डोकं, ना तेल, ना हवा. तरी वळण कायम. पार्लरमधलं रसायन केसातले रासायनिक बंध तोडून पुन्हा जोडतं, पण ते फक्त बाहेर आलेल्या केसात. मुळापर्यंत ते पोचत नाही. माझे चार वर्षांचे टचअप इथे गेले.

हेच वळण सर्जनचा हात अडवतं. पंच सरळ जातो. बाहेरून केस कुठल्या कोनात निघालाय एवढंच दिसतं. आत तो कुठे वळलाय ते दिसत नाही. भिंतीत पाइप कुठून गेलाय ते माहीत नसताना ड्रिल मारल्यासारखं आहे ते. मूळ मध्येच कापलं गेलं तर तो केस बहुधा कायमचा गेला, कारण काढलेल्या जागी नवीन येत नाही. आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या घट्ट कुरळ्या केसांत हा धोका सगळ्यात जास्त. त्यांच्यात जखमेच्या जागी जाड, उंच वाढणारे व्रण होण्याची शक्यताही जास्त असते. त्यांच्यासाठी पंचचा आकार, कोन, वेग सगळं वेगळं ठरवावं लागतं. ज्याला 'सर्वसाधारण पद्धत' म्हटलं गेलं ती सरळ केसांवर बसवलेली होती, आणि बाकीच्यांना बराच काळ तिच्यात बसवून घेतलं गेलं.

माझ्यासारख्या केसांत हा बाक तेवढा नसतो. उलट डॉक्टर बाई म्हणाल्या, "तुमचं वळण तुमच्या फायद्याचं आहे. सरळ केसवाल्याला जेवढे ग्राफ्ट लागतील, त्याहून कमीत तुमचं डोकं भरलेलं दिसेल." ज्या गोष्टीवर मी पगाराचे पैसे घालवून इस्त्री फिरवत होतो, तीच या हिशेबात माझी सगळ्यात मोठी जमा होती.

बेरीज नाही, फक्त अदलाबदल

आता हिशेबच मांडू. डोक्यावर सुमारे १ लाख केस. एका गटात सरासरी दोन धरले तर ५० हजार गट. त्यातला कायम टिकणारा भाग म्हणजे मागची आणि कानांवरची पट्टी. ती साधारण एक चतुर्थांश, म्हणजे १२ हजार ५००. मागे विरळ न दिसता त्यातले निम्मे काढता येतात. उरले सुमारे ६ हजार, आणि तेही सगळ्या आयुष्यासाठी. आता मोठं टक्कल २०० चौरस सेंटीमीटरचं धरा. नैसर्गिक दाटीच्या निम्मी, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ४० गट लावायचे म्हटले तरी ८ हजार लागतात. हिशेब बसत नाही. मग दाढीचे केस काढतात. पण ते दाढीचेच राहतात, जाड आणि तारेसारखे. कपाळाच्या कडेला ते शोभत नाहीत, मागे मिसळून लपवावे लागतात.

या हिशेबातून सुटायचं तर केस वाढवता आले पाहिजेत, नुसते हलवता येऊन भागणार नाही. १९९९ साली इंग्लंडमधले कॉलिन जहोदा आणि त्यांची पत्नी व सहकारी अमांडा रेनॉल्ड्स यांचा एक विलक्षण प्रयोग 'नेचर'मध्ये छापून आला. जहोदांच्या डोक्यातल्या केसांच्या मुळांभोवतीच्या आवरणाच्या थोड्या पेशी रेनॉल्ड्स यांच्या हातावर रोवल्या होत्या. तिथे नवे केस उगवले, हातावरच्या लवीपेक्षा जाड, आणि त्यांच्या मुळांत पुरुषाच्या पेशी सापडल्या. एका माणसाचं केस उगवण्याचं सांगणं दुसऱ्याच्या कातडीने ऐकलं होतं. तेव्हा वाटलं होतं की आता थोड्याच वर्षांचा प्रश्न आहे. पण या पेशी प्रयोगशाळेत वाढवायला घेतल्या की केस उगवण्याची आपली कला विसरत जातात. त्यावर अजून काम चालूच आहे. तोवर दवाखान्यात जे मिळतं ती अदलाबदलच.

आणि अदलाबदल असली तरी ती शस्त्रक्रिया आहे. हेअर ट्रान्सप्लांटनंतर दगावलेल्या तरुणांच्या बातम्या आपल्याकडे आल्या आहेत. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाला सूचना काढावी लागली की हे काम प्रशिक्षित डॉक्टरांनीच करावं, आणि कार्यशाळा किंवा यूट्यूबवरचे व्हिडिओ पाहणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. हे लिहून सांगावं लागलं, यातच काय ते आलं.

डॉक्टर बाईंनी मला थांबायला सांगितलं. अठ्ठाविसाव्या वर्षी गळती कुठवर जाणार ते कळत नाही. आज पुढे ओळ लावली आणि उद्या तिच्या मागचं सगळं गेलं, तर कपाळावर एक बेट उरतं. ते हटणारही नाही, कारण ते मागचे केस आहेत, न गळणारे. ६ हजारांतले २ हजार आधीच खर्च झालेले असतात. त्यांनी आहेत ते केस टिकवायचं औषध दिलं आणि वर्षभराने यायला सांगितलं.

मी इस्त्री बंद केली. तीन महिन्यांनी केस आपल्या मूळ वळणावर आले. पुढे विरळ आहेत, ते दिसतंच. तसाच फोटो काढून आईला पाठवला.

तिचा लगेच फोन आला. मी तयारीत होतो. ती म्हणाली, "बाबांसारखा दिसतोस रे."

मी म्हटलं, "आजोबांचे केस तर किती दाट होते."

"कुठले दाट? टोपीखाली काही नव्हतं त्यांच्या. तिशीतच गेले होते सगळे. कडेचे तेवढे राहिले होते."

टकलाशी जोडलेलं एक महत्त्वाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाला ते आईकडून मिळतं, आणि आईला ते तिच्या वडिलांकडून मिळालेलं असू शकतं. बाकीची बरीच जनुकं दोन्हीकडून येतात. हे मी वाचलेलं होतं. पण त्या फोटोकडे लहानपणापासून बघत असूनही टोपीखालचा विचार मी कधी केला नव्हता. मानेवरचं ते वळण आणि टोपीखालचं ते मोकळं रान, दोन्ही एकाच माणसाकडून माझ्यापर्यंत आलं असावं.

फोटो बायोडेटाला लागला. "हाच राहू दे," आई म्हणाली.